आत्याबाईंचे जाळीचे मोजे : बोटांपासून गुडघ्यापर्यंत

१० नोव्हेंबर २०२४

आज औशाजवळ, गावी होते. दिवाळीतच लक्षात आलं होतं, आज नीट बघितलं. आत्याबाई बाजारातले मोजे पहाटे घालतात आणि दोन तासांत काढून ठेवतात. विचारलं तर म्हणाल्या, "पोटरीला रेघ पडती गं. काढलं तरी जात न्हाई." मोज्याचं इलॅस्टिक जिथं संपतं तिथं खरंच खोल वळ होता, बोटाला लागत होता. त्या ७४ वर्षांच्या आहेत. आयुष्यभर नऊवारी लुगडं नेसल्या, काष्ट्यामुळं पोटऱ्या उघड्या राहतात आणि थंडी नेमकी तिथंच झोंबते.

मी त्यांना गुडघ्याखालपर्यंतचे मोजे विणणार. इलॅस्टिक नाही, जाळीची वीण, आणि पोटरीचा आकार त्यांच्याच पायाचा. ३० डिसेंबरला येळवस आहे, म्हणजे रानात जाऊन पूजा-जेवण करायची वेळा अमावास्या, त्या दिवशी रानात घालता यायला हवेत. हातात सात आठवडे.

ह्यांनी विचारलं, उबेसाठी हवेत तर जाळी कशाला? एक तर आपल्याकडची थंडी पहाटेची असते, दहा वाजता उन्हात बसवत नाही. जाडजूड मोजा दिवसभर पायात राहणारच नाही. दुसरं म्हणजे जाळीची वीण आडवी ताणली जाते, पायाच्या फुगण्या-उतरण्याबरोबर हलते. तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. जोडवी सोडली तर त्या पायांना सुंदर म्हणून काही कधी मिळालेलं नाही.

मापं संध्याकाळी सहाला घेतली, कारण संध्याकाळी पाय थोडे सुजलेले असतात आणि सकाळच्या मापाचा मोजा तेव्हा रुततो. पाऊल लांबीला २४ सेंमी. चवड्याचा घेर २३. घोट्याच्या वर २५. पोटरी सगळ्यात रुंद जागी ३७, आणि ती जागा घोट्यापासून बरीच वर आहे. गुडघ्याखाली ३४. उजवी पोटरी डावीपेक्षा अर्धा सेंमी जास्त भरली, ती मोठीच धरली. टाचेच्या टोकापासून पावलाच्या वरच्या उंचवट्यापर्यंतचा तिरपा घेर मात्र घ्यायचा राहिला.

१३ नोव्हेंबर

दोरा कोणता, यावर दोन दिवस गेले. आपला भाग कापसाचा, म्हणून सुती दोरा वापरायचं फार मनात होतं. घरात होता त्याचा एक तुकडा विणून बघितला. दिसायला देखणा, पण ताणून सोडल्यावर मागं येत नाही. कापसाच्या तंतूला लोकरीसारखा कुरळेपणा नसतो, त्यामुळं वीण सैल पडली की सैलच राहते. इलॅस्टिक नसलेला सुती मोजा अर्ध्या तासात घोट्यावर येऊन बसेल. इथल्या दुकानांत लोकर म्हणून बहुतेक अ‍ॅक्रिलिकच मिळतं, त्यात पायाला घाम धरतो. शेवटी मोज्यांसाठीचाच दोरा मागवला, ७५ टक्के लोकर आणि २५ टक्के नायलॉन, १०० ग्रॅममध्ये साधारण ४०० मीटर. दोन गुंड्या, रंग मेंदीचा. नायलॉन असतं ते टाच आणि चवडा लवकर झिजू नये म्हणून.

१७ नोव्हेंबर

नमुन्याचा तुकडा. २.२५ मिमीची जोडसुई, दोन सुया ८० सेंमी वायरनं जोडलेल्या. मोजा गोल विणायचा असल्यामुळं तुकडाही गोलच विणला. सपाट विणताना उलट्या ओळी येतात आणि बहुतेकींचा हात उलट टाक्याला थोडा सैल पडतो, मग हिशेब चुकतो. धुऊन, वाळवून मोजलं. साध्या सुलट विणीत १० सेंमीत ३० टाके, ४२ ओळी. जाळीच्या विणीत २८ टाके. धुण्याआधी जाळी ३१ दाखवत होती. त्या आकड्यावर विसंबले असते तर मोजा ढगळ झाला असता.

मोजा पायाच्या घेरापेक्षा साधारण दहा टक्के लहान हवा, तरच अंगावर बसतो. २३ सेंमीच्या चवड्याला २१ सेंमी, म्हणजे ६४ टाके.

२० नोव्हेंबर

सुरुवात बोटांकडून. टाके घालायची पद्धत जूडी बेकर यांची, २००६ मध्ये त्यांनी ती प्रसिद्ध केली. दोन्ही सुया एकत्र धरायच्या आणि दोरा आळीपाळीनं वरच्या-खालच्या सुईवर घ्यायचा. दोन्ही सुयांवर १२-१२ टाके येतात आणि मध्ये शिवण म्हणून काही उरतच नाही. म्हाताऱ्या माणसाच्या बोटाला शिवणीची गाठ घासत राहते, म्हणून मला हीच पद्धत हवी होती. पहिल्या ओळीत एका सुईवरचे टाके पिळलेले येतात, ते मागच्या बाजूनं विणले की सरळ होतात.

मग एक ओळ वाढीची, एक साधी. वाढीच्या ओळीत प्रत्येक सुईच्या दोन्ही कडांना एक-एक, म्हणजे चार टाके. दहा वेळा वाढवून २४ चे ६४ झाले. २० ओळी, पावणेपाच सेंमी. जाळी इथं अजिबात नाही, भोकात बोट अडकतं.

बोटांकडून विणण्याची रीत काही आजकालची नाही. इजिप्तमध्ये सापडलेले जुने सुती मोजे, निळ्या-पांढऱ्या नक्षीचे, तेही बोटांकडून वर विणत नेलेले आहेत. कापूस आपला, ऊनही आपल्यासारखंच, आणि तरी त्यांनी मोजे विणले. ते वाचल्यापासून मला त्या अनोळखी हातांबद्दल जवळीक वाटते. सुती दोऱ्यात त्यांनी ताण कसा सांभाळला असेल, याचा विचार आज विणताना सारखा येत होता.

२३ नोव्हेंबर

नक्षीवर आठवडाभर कागद खराब केले. मनात बीबी का मकबऱ्यातली जाळी होती, दिलरास बानूंच्या कबरीभोवतीची अष्टकोनी संगमरवरी जाळी. लहानपणी सहलीला गेलो होतो, तेव्हा त्या जाळीतून खाली वाकून बघितलेलं आठवतं. चौकटीच्या वहीवर अष्टकोन काढला, विणला, तर बसका, दबलेला आला. टाका चौकोनी नसतो हे वहीवर बसल्यावर विसरायला होतं. १० सेंमीत आडवे ३० आणि उभ्या ४२, म्हणजे प्रत्येक टाका उंचीपेक्षा रुंद. चित्र उंचीला ताणून काढलं तर अष्टकोन जमतो, पण त्याची एक नक्षी २२ टाक्यांची झाली. ती वाढत्या पोटरीत कुठंच नीट बसेना.

शेवटी शंकरपाळी घेतली. ८ टाके रुंद, १६ ओळी उंच. पायात घालून वरून बघा की समोरून, शंकरपाळी दोन्हीकडून सारखीच दिसते. पिंपळपान विणलं असतं तर समोरच्याला सुलटं आणि घालणारीला उलटं.

जाळीचं गणित सोपं आहे पण क्षमा करत नाही. दोरा पुढं घेतला की भोक पडतं आणि एक टाका वाढतो. म्हणून जवळच दोन टाके एकत्र विणून एक कमी करायचा. हा कमी केलेला टाका कुठं झुकतो यावर सगळं रूप ठरतं. दोन टाके सरळ एकत्र विणले तर उजवीकडं झुकतात. दोन्ही एकेक करून सुलट उचलून, मग मागून विणले तर डावीकडं. शंकरपाळीच्या ज्या कडेला जो कल, तिथं तोच हवा. एका बाजूला चुकून उलटा घेतला आणि ती रेघ करवतीसारखी दिसायला लागली. सहा ओळी उसवल्या.

पावलावर जाळी फक्त मधल्या १७ टाक्यांवर ठेवली. दोन्ही कडा साध्या, कारण तिथं चप्पलचा पट्टा घासतो. तळवा पूर्ण साधा. आता वरच्या बाजूला ३३ टाके, तळव्याला ३१.

२४ नोव्हेंबर

गावी जाऊन अर्धं पाऊल त्यांना घालून बघितलं. सुई तशीच अडकवलेली, वायर घोट्याभोवती. त्या बराच वेळ पाय हलवून बघत होत्या. "हे तर माज्या पायाचंच हाय की." हेच मला बोटांकडून विणण्यात आवडतं. वरून विणलं असतं तर पोटरी आधी झाली असती आणि पाऊल चुकलंय हे सगळ्यात शेवटी कळलं असतं.

१ डिसेंबर

टाच चुकली.

अर्धवट ओळींची टाच केली होती. तळव्याच्या ३१ टाक्यांवर पुढं-मागं विणत दर वेळी एक टाका अलीकडं वळायचं, मधले ११ उरेपर्यंत, आणि मग एकेक परत घेत यायचं. वळताना पडणारं भोक बुजवायला जर्मन पद्धत वापरली. टाका उचलून दोरा मागं ओढला की त्याचे दोन पाय सुईवर येतात, परतताना ते दोन्ही मिळून एक म्हणून विणायचे. टाच देखणी झाली. आज घालायला गेले तर पावलाच्या उंचवट्यावर अडकली. जोर लावून चढवली, तर जाळी तिथं पांढरी पडेपर्यंत ताणलेली.

तो राहिलेला तिरपा घेर आज मोजला. ३३ सेंमी. ६४ टाक्यांच्या नळीतून तो जाणार कसा? आत्याबाईंना मी काही सांगितलं नाही. त्यांनीच ओळखलं. "उसव. म्या काय उद्या चाललेय का कुटं?" बसमध्ये बसूनच टाच उसवली, उतरेपर्यंत गुंडी पुन्हा भरली होती.

४ डिसेंबर

टाचेच्या आधी तळव्याच्या दोन्ही कडांना दर दुसऱ्या ओळीत एक-एक टाका वाढवला, पाच वेळा. तळवा ३१ चा ४१ झाला. टाच आता ४१ वर, दोन्ही बाजूंना १४-१४ आणि मध्ये १३. ती खोलही झाली, पावणेसात सेंमी भरते. म्हणून सुरुवात अलीकडून करावी लागली, पाऊल सव्वासोळा सेंमी झाल्यावर. टाच झाल्यावर वाढवलेले दहा टाके दहा ओळींत पुन्हा कमी करून ६४ वर आले.

उंच पावलाच्या कोणासाठीही विणायचं असेल तर तिरपा घेर आधी मोजा. चवड्याच्या मापापेक्षा मी आता या मापाला जास्त मान देते.

८ डिसेंबर

घालून बघितलं. टाच बसली. मागून एक सुरकुती नाही.

आता पोटरी, आणि खरं काम इथंच आहे. पाय नळीसारखा नसतो. घोट्यापाशी बारीक, मग मागच्या बाजूनं फुगत जातो, पुढची नडगी मात्र जवळपास सरळच राहते. म्हणून सगळी वाढ मागं. जुन्या विणीच्या मोज्यांना मागं मधोमध उलट टाक्याची एक उभी रेघ असायची, शिवणीसारखी दिसणारी. तीच घेतली. त्या एका टाक्याच्या दोन्ही बाजूंना वाढ. रेघ सुटली नाही तर मोजा पायात फिरलाय का हेही चटकन दिसतं.

पुढं ३३ टाक्यांवर आता पूर्ण जाळी, चार शंकरपाळ्या. मागं १५, उलट रेघ, १५.

३७ च्या पोटरीला ३३ सेंमीचा मोजा हवा, म्हणजे साधारण ९६ टाके. ३२ वाढवायचे, १६ जोड्या. आधी दर तिसऱ्या ओळीला वाढ काढली होती. पण जाळीच्या ओळी एकाआड एक येतात, त्यामुळं वाढ कधी जाळीच्या ओळीत पडते, कधी साध्या, आणि मोजताना डोकं भिरभिरतं. दर चौथ्या ओळीला घेतली, नेहमी साध्या ओळीत. १६ ओळींच्या एका नक्षीत चार जोड्या, चार नक्ष्यांत १६ जोड्या, उंची सव्वापंधरा सेंमी. टाचेपासून आठ सेंमी सरळ विणून वाढ सुरू केली की पोटरीची सगळ्यात रुंद जागा बरोबर गाठते. हा हिशेब जुळला तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते, मी ह्यांना उठवून दाखवला.

आणि एक गोष्ट करायचं ठरवलं. वाढलेले टाके साधे सोडले तर मागं एक मोठा कोरा त्रिकोण राहील. दर आठ टाके वाढले की तिथं एक नवी शंकरपाळी सुरू करायची. रेघेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन. पाय जसा रुंदावेल तशी जाळीही रुंदावेल.

१० डिसेंबर

रात्री लाइट गेली, सुईवरून पाच टाके निसटले. साध्या विणीत निसटलेला टाका खालपर्यंत उसवला तरी हुकानं वर आणता येतो. जाळीत तो भोकांमधून पळतो आणि कोणता दोरा कुठला ते कळत नाही. दर नक्षीच्या शेवटच्या साध्या ओळीत सगळ्या टाक्यांमधून शिलाईचा पांढरा दोरा ओवून ठेवते. त्या दोऱ्यापर्यंत उसवलं, टाके परत सुईवर घेतले. सात ओळींचं नुकसान. दोरा नसता तर टाचेपर्यंत जावं लागलं असतं.

१४ डिसेंबर

दत्तजयंती. सकाळी देवळात जाऊन आले, दुपारी वरची पट्टी संपवली. पोटरीच्या वर चार जोड्या कमी करून ८८ टाके, मग दोन सुलट दोन उलट अशी चार सेंमी पट्टी. या विणीला स्वतःचाच थोडा ताण असतो, इलॅस्टिकची गरज पडू नये.

१५ डिसेंबर

रेघ पडली. पट्टीमुळं नव्हे, टाके बंद केले ती कड आवळली. नेहमीसारखे बंद केले होते, एकावरून एक. ही कड दोरीसारखी असते, ताणत नाही. पोटरीवरून चढता चढेना आणि चढल्यावर तीच रेघ, जी घालवायला हे सगळं चाललंय. मला फार वाईट वाटलं.

तिथंच ओट्यावर बसून कड उसवली आणि जेनी स्टेमन यांच्या पद्धतीनं बंद केली. प्रत्येक टाका विणण्याआधी दोऱ्याचा एक वेढा घ्यायचा आणि तो विणलेल्या टाक्यावरून उतरवायचा. सुलट टाक्याआधी वेढा उलट्या दिशेनं, उलट टाक्याआधी सरळ. त्या वेढ्यांचा दोरा कडेत शिल्लक राहतो आणि गरज पडेल तेव्हा ताणला जातो. ही पद्धत २००९ ची. कड थोडी झालरीसारखी दिसते, पायात गेली की सपाट होते.

तासभर घालून ठेवला. काढल्यावर दोघींनी वाकून बघितलं. विणीचे बारीक ठसे होते, वळ नव्हता.

एका मोज्याला ७८ ग्रॅम दोरा लागला, स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलला.

२७ डिसेंबर

दुसरा बारा दिवसांत झाला. याच्याबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही, सगळं वहीत होतं. पहिल्या मोज्याच्या वेळी प्रत्येक वाढीच्या ओळीला वहीत काडी ओढली होती, त्या काड्यांवर बोट ठेवून विणत गेले. दोन्ही एकावर एक ठेवले, दोन ओळींचा फरक आहे, टाचेच्या वर. तो मलाच दिसतो.

२८ डिसेंबर

कोमट पाण्यात रिठ्याच्या फेसात वीस मिनिटं भिजवले. पिळले नाहीत, टॉवेलात गुंडाळून दाबले. मग पुठ्ठ्याचा पाय कापला, पोटरीला ३४ सेंमी घेर येईल इतका रुंद, त्यावर प्लॅस्टिक गुंडाळलं आणि मोजे चढवले. ओली जाळी ताणून वाळली की शंकरपाळ्या उघडतात. आधी नुसती सुरकुतलेली वीण दिसत होती, संध्याकाळी प्रत्येक भोक वेगळं दिसायला लागलं. सोळाव्या शतकातल्या फ्लॉरेन्सच्या ड्यूकच्या पत्नी एलिओनोरा यांना १५६२ मध्ये विणलेल्या रेशमी मोज्यांसह पुरलं होतं, ते मोजे अजून जपून ठेवलेले आहेत. विणलेलं इतकं टिकतं, हे मला आज सारखं आठवत होतं.

३० डिसेंबर

येळवस. पहाटे थंडी चांगलीच होती. आत्याबाईंनी मोजे स्वतःच घातले, मागची रेघ माझ्याकडून सरळ करून घेतली. वर पट्ट्याची सँडल, कारण अंगठ्याची चप्पल मोज्यावर चालत नाही. हरभरा गुडघ्याला यायचा होता, ज्वारी कमरेच्या वर गेलेली. धुऱ्यानं चालताना पुढं त्या, मागं आंबिलाचं मडकं घेऊन हे, भज्जीचं पातेलं घेऊन मी. लुगड्याखाली मेंदी रंगाच्या शंकरपाळ्या एकेक पावलागणिक उघडत-मिटत होत्या. मी पाय बघत चालले आणि दोनदा ठेचकाळले.

कडब्याच्या खोपीपाशी पूजेला त्यांनी मोजे काढले, घडी करून पदराखाली ठेवले. पूजा झाली, चोहीकडं आंबील शिंपडून झालं, सगळ्यांची जेवणं झाली, तोवर ऊन वर आलं होतं. मला वाटलं आता त्या घालणार नाहीत. पण घातले. जाऊबाईंनी विचारलं, "ऊन हाय की आता, कशाला?" तर म्हणाल्या, "असू दे."

७ जानेवारी २०२५

मोजे दुरुस्तीला आले. रानातली कुसळं जाळीत अडकली होती, दोन्ही मिळून चाळीसच्या वर निघाली. चिमट्यानं, विणीच्या दिशेनं, एकेक. उलट ओढलं की तंतू तुटतो. डाव्या पोटरीवर एक टाका ओढला जाऊन बोटभर फास बाहेर आला होता. तो कापायचा नाही. बोथट सुईनं शेजारच्या टाक्यांमध्ये थोडा-थोडा दोरा सरकवत नेला, उजवीकडं सात टाके आणि डावीकडं सहा, तेव्हा फास आत गेला.

डाव्या टाचेच्या आतल्या बाजूला वीण पातळ वाटते. भोक पडायची वाट बघणार नाही. गुंडीत ४४ ग्रॅम उरलेत, त्यातूनच टाचेवर टाक्यावर टाका भरून घेते. उजव्या टाचेलाही आत्ताच.

आत्याबाईंचा निरोप आहे, रविवारपर्यंत पाहिजेत.